सुंदराबाईच्या हातची कुरडई

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मार्केट यार्डात पोतं पाठीवर घेताना पोपट जाधवचा खांदा निखळला. डॉक्टरांनी हात छातीशी बांधून दिला आणि दोन महिने काही उचलायचं नाही म्हणून बजावलं. ऐन वाळवणाचे दिवस. कुरडयांचा मोठा पितळी सोऱ्या आजवर पोपटच दाबायचा. पहाटे बायको सुंदराबाईबरोबर वारज्याहून कसबा पेठेत यायचं, ऊन चढायच्या आत सगळा चीक घालून द्यायचा आणि तिथूनच हमालीला जायचं, अशी त्याची सात उन्हाळ्यांची रीत होती. पोरगी चैताली बारावीची परीक्षा देऊन वारज्यातल्या एका औषधाच्या दुकानात लागली होती. तिला सकाळचं येता येत नव्हतं.

सुंदराबाईनं दोन दिवस एकटीनं सोऱ्या दाबून पाहिला. तिसऱ्या दिवशी तिचा अंगठा सुजून लिंबाएवढा झाला. गहू मात्र भिजत पडला होता, त्याला कुणाच्या खांद्याची काळजी नव्हती.

चौथ्या दिवशी अपेक्षा आली. अपेक्षा मेश्राम, मूळची भंडाऱ्याची, पुण्यातल्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. बारीक अंगाची, चष्मेवाली, पाठीला सॅक. तिच्या कॉलेजनं सुट्टीत श्रमानुभव म्हणून एक उपक्रम काढला होता. मुलांनी तीन आठवडे एकेका कष्टकरी घरात जायचं, ते करतील ते काम करायचं आणि दर शनिवारी कॉलेजात जमून त्यावर बोलायचं. अपेक्षाच्या वाट्याला सुंदराबाईचं घर आलं.

काम चालायचं ते गोपाळकृष्णकाकांच्या इमारतीच्या गच्चीवर. खाली काकांचं घरगुती पदार्थांचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर घर, चौथ्यावर गच्ची. दुकानाच्या दारावर पाटी होती : ‘नमुना म्हणून खाल्लेला पदार्थ विकत घेतला असे समजण्यात येईल.’ काकांनी पहिल्या दिवशी चष्म्यावरून अपेक्षाकडे पाहिलं.

“कॉलेजात आता हे शिकवतात?”

“श्रमानुभव आहे काका. समाजसेवेचा भाग म्हणून.”

“छान. आमच्या वेळी याला काम म्हणायचे,” काका म्हणाले आणि आत गेले.

वर गच्चीत शेगडी धडधडत होती. सुंदराबाईनं साडीचा पदर कमरेला खोचला, रात्रभर खाली बसलेल्या चिकावरचं पाणी अलगद ओतून दिलं आणि पांढराशुभ्र घट्ट चीक आधणात सोडायला घेतला. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास सगळ्या गच्चीवर पसरला होता. अपेक्षाला उमासा आला. तिनं तोंडावर ओढणी धरली.

“सोड ती वढणी,” सुंदराबाई म्हणाली. “वास नाकात बसला की मग येत न्हाई. ही पळी घे. हलवत ऱ्हा. हात थांबला की गुठळी झाली म्हणून समज.”

अपेक्षानं हलवायला घेतलं. चीक घट्ट होत गेला तशी पळी जड झाली. खांद्यातून कळा निघाल्या. वाफेनं चष्मा धुरकटला. सुंदराबाईनं मग चटके सोसत गरम चीक सोऱ्यात भरला आणि सोऱ्या तिच्या हातात दिला.

“दाब. आणि हात गोल फिरव. तुटू द्यायची न्हाई. तुटली की ती कुरडई न्हवं, भुगा.”

पहिल्या दिवशी पंचवीसेक कुरडया तुटल्या. सुंदराबाई तुटलेल्या उचलून बाजूला ठेवत राहिली. साडेआठला ऊन पाठीवर आलं तेव्हा अपेक्षाच्या दोन्ही तळहातांवर फोड होते.

“उद्या येशील?” सुंदराबाईनं विचारलं.

“येईन ना मावशी.”

“मग घरी जाऊन हाताला खोबरेल लाव. मलम लावू नको, चिकाला वास लागतो.”

ती रोज येत राहिली. आठवड्याभरात फोड फुटून तिथं घट्टे पडले. सोऱ्याची मूठ कशी धरायची, कोपर कुठं टेकवायचं, श्वास कधी सोडायचा, हे तिचं तिला कळत गेलं. दुपारी कुरडया उलथायच्या, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर गोळा करायच्या. दोघींची पाठ भाजून निघायची. अपेक्षाचे हात कोपरापर्यंत काळवंडले.

काका अधूनमधून वर येत. एखादी वाळलेली कुरडई उचलून उजेडात धरत, तिच्या आरपार बघत.

“सुंदराबाई, ही फुलली नाही तर गिऱ्हाईक मला तळेल.”

“सात वर्षांत न फुललेली निघाली का काका एखादी?”

“म्हणून तर काळजी,” काका म्हणत. ते त्यांचं कौतुक असायचं. सुंदराबाई मान खाली घालून हसायची. तेवढंच तिचं हसणं.

एके दिवशी काकूंबरोबर त्यांची एक ओळखीची बाई गच्ची बघायला आली. तिला अमेरिकेला मुलाकडे न्यायला दोन किलो हव्या होत्या. नाकाला रुमाल लावून ती दारातच उभी राहिली.

“करणारं माणूस कोण असतं हो तुमच्याकडे?”

“या सुंदराबाई. जाधव आहेत,” काकू म्हणाल्या. “अगदी स्वच्छ. वाळवणाला आपल्याकडे कुणीही चालत नाही, तुम्हाला माहितीच आहे.”

सुंदराबाई चीक ढवळत होती. तिचा हात थांबला नाही. अपेक्षानं एकदा तिच्याकडे बघितलं. घामाचा थेंब तिच्या हनुवटीवरून निघाला होता, तो तिनं चटकन खांद्याला पुसला, चिकात पडू दिला नाही.

दुसऱ्या आठवड्यात सुंदराबाईनं अपेक्षाला जेवायला घरी नेलं. वारज्यात नव्या उंच इमारतींच्या मागं नाल्याकडेला वस्ती होती. दोन खोल्या, वर पत्रा. पोपट दारात खुर्चीवर बसला होता, गळ्यातल्या झोळीत हात.

“ये ताई. तुझ्यामुळं यंदाचा हंगाम उभा ऱ्हायला बघ,” तो म्हणाला. “मी नुसता बसून. बायकांनी वझं उचलायचं आन् मी बघायचं.”

अपेक्षा आत गेली आणि भिंतीकडे बघून उभीच राहिली. बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाची लहान मूर्ती, खाली निळं कापड.

“मावशी, जय भीम!” ती एकदम म्हणाली. तिच्या आवाजात इतका आनंद होता की चूल पेटवणारी सुंदराबाई दचकली.

“जय भीम,” ती हळू म्हणाली. “तू बी का?”

“हो ना! मेश्राम आम्ही. आमच्याकडे आडनाव ऐकलं की लगेच कळते. इथं कुणाला कळतच नाही.”

“कळलं न्हाई तर बरंच की.”

चैताली कामावरून आली होती. ती हात धूत होती. तिनं पाठ न वळवताच विचारलं, “तू सांगितलंस तुझ्या कॉलेजात?”

अपेक्षानं सांगितलेलं नव्हतं. होस्टेलवर दोन वर्षं राहून सांगितलेलं नव्हतं. तिचे वडील भंडाऱ्याला नायब तहसीलदार. पुण्याला सोडायला आले तेव्हा म्हणाले होते, कुणी विचारलं तर मान वर करून सांगायचं. पण कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायची वेळ कुठली, हे तिला कळलं नव्हतं.

“मावशी, पेठेत त्यांना माहीत नाही?” तिनं विचारलं.

सुंदराबाईनं भाकरी तव्यावर टाकली. “आमी करमाळ्याकडनं आलो तवा पहिल्यांदा काकूंनी नाव इचारलं. मी म्हटलं सुंदरा जाधव. त्या म्हणाल्या, बरं. त्यांनी फुडं इचारलं न्हाई, मी फुडं सांगितलं न्हाई.”

“पण मग ते समजतात ना की...”

“समजूंदे. तिथं कुणाला ठावं न्हाई. नसूंदे.”

“पण का मावशी? तुम्ही काय चोरी केली का?”

सुंदराबाईनं भाकरी उलटली, पापुद्रा सुटलेला दाबून बघितला. अपेक्षा भाकरी खात राहिली आणि मनात म्हणत राहिली, की ही बाई भितेय. हिला कुणीतरी बळ द्यायला पाहिजे.

शनिवारच्या बैठका श्रीनिवास सर घ्यायचे. पंखे गरगरत असायचे, पंचवीस-तीस मुलं गोल करून बसायची. त्या आठवड्याचा विषय सरांनी फळ्यावर लिहिला होता : आपली ओळख आणि न्याय. अभिनव नावाचा मुलगा सगळ्यात आधी बोलला. तो बांधकामावरच्या मजुरांबरोबर काम करत होता.

“सर, ऑनेस्टली, मला तर माझी कास्ट बारावीनंतर फॉर्म भरताना कळली. मी मानतच नाही. आपण सगळ्यांनीच मानणं सोडलं तर प्रश्न संपला ना?”

दोघं-चौघं हसले, दोघं-चौघांनी माना डोलावल्या. सर म्हणाले, “कुणाला काही म्हणायचंय यावर?”

अपेक्षाला म्हणायचं होतं. तळहातांवरचे घट्टे तिनं नखानं कुरतडले. सर दुसऱ्याकडे वळले. होस्टेलवर येऊन ती बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली. स्वतःचीच तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

समारोप तिसऱ्या शनिवारी होता. ज्यांच्या घरी मुलं राबली त्या सगळ्यांना बोलावलं होतं. गच्ची दिली म्हणून गोपाळकृष्णकाकांनाही आमंत्रण होतं. ते इस्त्रीचा सदरा घालून, काकूंना घेऊन आले. सुंदराबाई ठेवणीतली जांभळी साडी नेसून आली होती. पोपट झोळीत हात घालून तिच्या शेजारी. प्रत्येकाला एक गुलाबाचं फूल दिलं होतं, ते तिनं दोन्ही हातांत धरलं होतं. काकूंनी हात करून तिला आपल्या रांगेत बोलावलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतलं.

अपेक्षानं भाषण कागदावर लिहून आणलं होतं. तिनं चार रात्री जागून ते केलं होतं. त्यात फक्त स्वतःबद्दल लिहिलं होतं. सुंदराबाईचं नाव कामापुरतं होतं.

“माझं आडनाव मेश्राम,” ती म्हणाली. “दोन वर्षांत इथं कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. आज सांगते. मी बौद्ध आहे. माझे आजोबा गावात मेलेली जनावरं ओढायचे. त्यांनी ते काम सोडलं म्हणून गावानं त्यांच्यावर दोन वर्षं बहिष्कार घातला. माझे बाबा आज अधिकारी आहेत. अभिनव म्हणाला की त्याला त्याची जात बारावीनंतर कळली. मला पाचव्या वर्षी कळली, एका वाढदिवसाला. मला ताट वेगळं दिलं होतं.”

मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह वाजायला लागलं. अभिनव उभा राहून टाळ्या वाजवत होता. श्रीनिवास सरांनी चष्मा काढला. आयुष्यात पहिल्यांदा अपेक्षाला आपण खूप उंच झाल्यासारखं वाटलं. कागदावर तीन ओळी उरल्या होत्या, आभाराच्या. तिनं कागद खाली ठेवला.

“आणि मी एकटी नाही,” ती म्हणाली. “कसब्यातली घरं सात वर्षं ज्यांच्या हातच्या कुरडया खातायत, त्या माझ्या सुंदरामावशी इथं बसल्यात. आम्ही दोघी एकाच समाजाच्या. मावशी, आता लपायची गरज नाही!”

टाळ्या आणखी वाढल्या. लोक माना वळवून बघायला लागले. सुंदराबाईनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि खाली, पायांतल्या चपलांकडे बघत राहिली. शेजारी बसलेल्या काकूंनी मांडीवरची पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. काकांनीही टाळ्या वाजवल्या. दोन-तीनदा.

कार्यक्रम संपल्यावर अपेक्षा धावत खाली आली. मुलं तिला अडवून हात मिळवत होती. ती पोचली तेव्हा सुंदराबाई दाराबाहेर होती.

“मावशी, नाश्ता आहे. थांबा ना.”

“नगं. गव्हाचं पाणी बदलायचं ऱ्हायलंय.”

“मावशी, रागावलात?”

सुंदराबाईनं तिच्याकडे बघितलं. राग नव्हता. एखादं भांडं हातातून सुटल्यावर माणूस जमिनीकडे बघतं, तसं ती बघत होती.

“चल गं,” पोपट म्हणाला आणि चांगल्या हातानं बायकोला पुढं घातलं.

रविवारी सुंदराबाई गहू वाटायला पेठेत गेली. काकूंनी गच्चीची किल्ली दिली, पण हातात दिली नाही. कठड्यावर ठेवली आणि आत गेल्या. चहा आला नाही. सुंदराबाईनं दोन मोठी घमेली भरून चीक गाळला, झाकून ठेवला आणि किल्ली होती तिथंच, कठड्यावर परत ठेवली.

सोमवारी पहाटे अपेक्षा स्वतःहून आली. तिचं काम शनिवारीच संपलं होतं, पण गाडी मंगळवारची होती आणि हा तिचा शेवटचा घाणा. जिन्याशी सुंदराबाई आणि पोपट उभे होते. दाराला आतून कडी होती. बेल वाजवली तरी कुणी उघडलं नाही. ते पायरीवर बसून राहिले. दूधवाला येऊन गेला. समोरच्या देवळात घंटा झाली. साडेसहाला काका खाली आले.

“सुंदराबाई, सांगायचं राहिलं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलंय.”

“आजपास्नं?”

“आजपासून.”

“काका, वर चीक हाय. आज शिजला न्हाई तर आंबून जाईल. आजच्या दिवस घालू द्या, उद्या...”

“कामगार येतील हो कधीही. घमेली तेवढी घेऊन जा.” काका म्हणाले, “आणि यंदा माल पुरेसा झालाय. पुढचं काही भिजवू नका.”

वर गच्ची कोरडी, झाडलेली होती. कुठं सिमेंटचं पोतं नाही, विटेचा तुकडा नाही. तिघांनी घमेली उचलली. एक सुंदराबाईनं डोक्यावर घेतलं. दुसरं अपेक्षा आणि पोपटनं मिळून, त्याचा एक हात आणि तिचे दोन. दुसऱ्या मजल्यावर घमेलं कलंडलं आणि बराचसा चीक पायऱ्यांवर सांडला. काकूंच्या दारासमोरच. सुंदराबाईनं आपलं घमेलं खाली ठेवलं, कमरेचं फडकं काढलं आणि गुडघ्यावर बसून तीन पायऱ्या पुसून काढल्या. दार बंदच होतं. आतून रेडिओ ऐकू येत होता.

रिक्षात घमेली ठेवल्यावर अपेक्षा म्हणाली, “तुम्ही व्हा पुढं. मी आले.”

काका दुकानाची फळी काढत होते.

“काका, कामगार कुठं आहेत?”

“येतील.”

“तुम्ही जात पाळता, असं सरळ सांगा ना.”

काकांनी फळी भिंतीला नीट टेकवली. “मी पाळत नाही. गिऱ्हाईक पाळतं. सभेला पेठेतलीही मुलं होती. शनिवारी घरी पोचायच्या आत तीन फोन आले. एकीनं अमेरिकेला न्यायच्या दोन किलो परत पाठवल्यात. मी दुकान चालवतो, समाज नाही.”

“सात वर्षं खाल्ल्या तेव्हा काही झालं नाही.”

“नाही झालं. कारण कुणी भाषण केलं नव्हतं.” ते तिच्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. “तुम्ही बोललात छान. मीही टाळ्या वाजवल्या. पण तुम्ही बोलून वसतिगृहावर गेलात. त्यांना सोमवारी माझ्याच दारात यायचं होतं. एवढं तरी मोजायचंत.”

अपेक्षाला त्यांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. माणूस चुकीचा होता आणि त्याचं शेवटचं वाक्य बरोबर होतं.

तिनं श्रीनिवास सरांना फोन केला. सर संतापले. कायदा आहे, तक्रार करू, मी स्वतः येतो म्हणाले आणि दुपारी खरोखर वारज्याला आले. वस्तीत चूल मांडून सुंदराबाई चीक शिजवत होती. घाम, धूर, वरून ऊन. सर उकिडवे बसून बोलत राहिले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“तक्रार कुणाच्या नावानं व्हईल सर?”

“तुमच्या. आम्ही सगळे मागे आहोत.”

“मागं हायसा. फुडं मीच की.” तिनं चिकात पळी फिरवली. “आणि ते म्हणणार, वॉटरप्रूफिंग. खोटं कसं म्हणू? पेठेतली आनखी चार घरं मला बोलवत्यात. पोलिसात गेलेली बाई कोण घरात घेईल? माझ्यापुरतं, त्यांची गच्ची त्यांनी दिली न्हाई, एवढंच झालं म्हणायचं.”

ती चार घरंही त्या आठवड्यात गेली. एकीनं सांगितलं यंदा मुलं येणार नाहीत. एकीनं फोनच उचलला नाही. दोघींनी काहीच कारण दिलं नाही.

अपेक्षानं गाडीचं तिकीट रद्द केलं. ती वारज्यालाच येत राहिली. पत्र्यावर प्लास्टिक अंथरून कुरडया घालायच्या. पत्रा इतका तापायचा की गुडघे पोळायचे. समोर बांधकाम चालू होतं, धूळ उडायची, पांढऱ्या कुरडयांवर करडी साय धरायची. सुंदराबाई मलमलीचं फडकं वरून ताणायची, तरी धूळ यायचीच. चैताली दुपारी घरी यायची. अपेक्षा असली की आत जाऊन बसायची. एकदाच ती बोलली, शिडीखाली उभी राहून.

“मी आईला दर वर्षी म्हणायचे, सांगून टाक. आम्ही भांडायचो त्यावरून. ती म्हणायची, तू पक्क्या नोकरीला लाग, मग मी सांगते. मग मला कुणाची भीती न्हाई. काकूंच्या तोंडावर सांगणार होती ती.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता. “ते तिचं होतं. तू बोलून टाकलंस. आणि टाळ्या पण तूच घेतल्यास.”

अपेक्षा पत्र्यावर बसून राहिली. हातातली कुरडई तिनं उलथायला घेतली होती, ती तशीच हातात.

माल संपवायला तिनं कॉलेजात विचारलं. अभिनवनं एका संध्याकाळी फोनवर फोटो टाकला : सुंदराबाई, मागं निळं कापड, खाली चार ओळी, जातीमुळे काम गेलेल्या मावशींना साथ द्या. दोन दिवसांत सगळ्या कुरडया गेल्या. गाड्या घेऊन लोक वस्तीच्या तोंडाशी आले. एका बाईंनी सुंदराबाईचा हात हातात घेतला, डोळे पुसले, फोटो काढला. पिशवी गाडीच्या मागच्या सीटवर टाकली आणि गेल्या.

“बघा मावशी,” अपेक्षा म्हणाली, “किती लोक चांगले आहेत.”

“हायेत की,” सुंदराबाई म्हणाली. ती रिकामा डबा पुसत होती. “पर एकानं बी डब्यात हात घालून बघितलं न्हाई. पांढरी हाय का, फुलती का, खारट झाली का, कुणी इचारलं न्हाई. काका उजेडात धरून बघायचे. वैताग यायचा त्यांचा.” तिनं डब्याचं झाकण पुसलं. “पेठेत सुंदराबाईची कुरडई म्हणायचे. जात ठावं नव्हती तवर निदान कुरडईची पारख तरी व्हायची. धूळ बसलीया यंदा, तशीच नेली लोकांनी.”

“मावशी, माझं चुकलं.”

“तू खोटं न्हाई बोललीस.”

“तरी चुकलं.”

“हां,” सुंदराबाई म्हणाली. “तरी चुकलं.”

पोपट दारात खुर्चीवर बसून ऐकत होता, त्यानं मान फिरवून नाल्याकडे बघितलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुंदराबाई वारज्यातल्या एका पोळीभाजी केंद्रात लागली. पहाटे पाच ते दुपारी दोन, नुसत्या पोळ्या लाटायच्या. दहा बायका एका ओळीत, कुणाची पोळी कुठली ते ओळखायचं कारण नाही. पहिल्याच दिवशी मालकानं आडनाव विचारलं. तिनं सांगितलं, आणि त्यानं पुढचं विचारायच्या आत पुढचंही सांगितलं. तो म्हणाला, चालेल, टोपी घालत जा.

कॉलेज सुरू झालं. श्रमानुभवाचे गुण मिळायला एक कागद भरून द्यायचा होता. खाली कुटुंबाची सही आणि शेरा अशी जागा होती. अपेक्षानं आठ दिवस तो कागद पुस्तकात ठेवला. होस्टेलच्या मुली म्हणाल्या, तुझं तर पहिलंच येणार, सगळ्यांत भारी तुझंच झालं. नवव्या दिवशी दुपारी ती वारज्याला गेली.

सुंदराबाई कामावरून येऊन उंबऱ्यात बसली होती. मनगटाला फडकं गुंडाळलेलं. बोटांच्या पेरांत कणीक वाळली होती. चैताली आत केस विंचरत होती.

“मावशी, ही सही पाहिजे होती. नसेल द्यायची तर राहू दे. मी तसं सांगते कॉलेजात.”

“न द्यायला काय झालं? राबलीस की.” तिनं हात साडीला पुसले, पेन घेतलं आणि एकेक अक्षर दाबून लिहिलं : सुंदरा पोपट जाधव. मग कागदावर बोट ठेवलं. “हितं काय म्हणत्यात?”

“शेरा. म्हणजे मी कशी होते ते लिहायचं.”

“चैताली, ये गं. तुझं अक्षर चांगलं हाय.”

चैताली आली. अपेक्षाकडे न बघता तिनं कागद गुडघ्यावर घेतला. “काय लिहू?”

सुंदराबाईनं विचार केला. समोर इमारतीच्या स्लॅबवर मिक्सर फिरत होता, त्याचा आवाज थांबायची तिनं वाट बघितली.

“लिही. मुलीचा हात चांगला हाय. वेळेवर येती. कुरडई तुटू देत न्हाई.”

चैतालीनं लिहिलं. पेन तसंच धरून तिनं आईकडे बघितलं. कागदावर अजून दोन-तीन ओळींची जागा होती.

“आणखी?”

“बास,” सुंदराबाई म्हणाली. “बाकी काय लिहू नको.”